रानघेवडा म्हणून लावलेला वेल

मी ब्लाऊज शिवते. लातुरात बायपासच्या अलीकडं आमची कॉलनी आहे. दोन खोल्या आणि पुढं लोखंडी जाळीचा व्हरांडा, एवढं आमचं घर. मशीन व्हरांड्यातच असते. लग्नसराईत दिवसदिवस मी तिथून उठत नाही, आणि मागची अठरा वर्षं मला तिथं बसवलं ते डोक्यावरच्या मधुमालतीनं. पत्र्यावर तिची सावली नसती तर एप्रिल-मे महिन्यात त्या व्हरांड्यात मांजरसुद्धा बसलं नसतं.

तो वेल माझ्या आईनं दिलेला. आमचं गाव किल्लारीकडचं. भूकंपानंतर ते नव्या जागी वसलं, सरळ रेषेत सारखी घरं आणि एकाही दारापुढं झाड नाही. आईनं कुठूनसा मधुमालतीचा फुटवा आणून आमच्या दारात लावला होता. माझं बिऱ्हाड लातूरला आलं तेव्हा तिनं त्या वेलाच्या बुडातून एक फुटवा खुरप्यानं मुळासकट काढला, ओल्या चिंधीत गुंडाळला आणि एसटीत बसताना माझ्या मांडीवर ठेवला.

"कंपाउंडच्या कडंला लाव," ती म्हणाली. "पहिलं वरीस रडंल. मंग तुझं ऐकायचा न्हाई."

तसंच झालं. पहिल्या वर्षी चार पानं, तीही पिवळी. दुसऱ्या वर्षी मी खिळा ठोकून सुतळी बांधली आणि तो सुतळी धरून वर गेला. चौथ्या-पाचव्या वर्षी खोड मनगटाएवढं झालं, वेल व्हरांड्याचा पत्रा झाकून कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडं लोंबायला लागला. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, दुसऱ्या दिवशी ती गुलाबी व्हायची, तिसऱ्या दिवशी लाल. ब्लाऊज टाकायला आलेल्या बाया माप द्यायच्या आधी वर बघायच्या.

थंडी सरताना मी स्वतः छाटणी करायची. जाड फांद्या ठेवायच्या, वाळक्या काड्या काढायच्या, बुडाशी शेणखत घालायचं. पाण्याचं सांगायलाच नको. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवस येत नाही. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, अंघोळीचं साबण नसलेलं पाणी बादलीत धरून त्या वेलाला घातलं. कॉलनीतली निम्मी झाडं त्या साली गेली. माझा वेल राहिला. पुढं दोन वर्षांनी आई गेली. गावाकडचा तिचा वेल भावानं स्लॅब टाकताना निघाला. राहिला तो माझ्या दारातला.

आमच्या शेजारी सर राहतात. सर म्हणजे क्लासवाले. तीन मजली इमारत आहे त्यांची, खाली फिजिक्सचा क्लास, मधल्या मजल्यावर ते स्वतः, वर पोरांचं हॉस्टेल. माणूस बोलायला गोड. मला ताई म्हणायचे, दिवाळीला डब्यातून फराळ पाठवायचे. त्यांच्या बायकोचे सगळे ब्लाऊज माझ्याकडंच. आमच्यात कधी वाकडं आलं नव्हतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत माझी मुलगी बाळंत झाली. ती नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहते. दुसरं बाळंतपण होतं आणि तिची सासू गुडघ्याच्या ऑपरेशननं पडून होती, म्हणून मीच तिकडं गेले. दीड महिना राहिले. माझे मालक एसटीत कंडक्टर आहेत. ते घरीच होते. रोज फोनवर मी आधी त्यांना जेवलात का विचारायची आणि मग म्हणायची, "वेलाला पाणी घातलं का?"

"घातलं की."

"बुडाशी घालावं. पानावर न्हाई."

"बुडाशीच घालतो अगं."

मार्चच्या शेवटी मी परत आले. रिक्षातून उतरले आणि आधी मला वाटलं, रिक्षावाल्यानं चुकीच्या घरापुढं सोडलं. व्हरांड्यावर ऊन पडलं होतं, थेट मशीनवर. पत्र्याचा गंज दिसत होता. भिंतीच्या कडंला वीतभर उंचीचं खोड राहिलं होतं, वरून सपाट कापलेलं. मी वाकून बघितलं तर त्यात गिरमिटानं पाडलेली तीन भोकं होती. भोकांच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

मालक मागं बॅग घेऊन उभे होते.

"साप निघाला होता," ते म्हणाले. "मी ड्युटीवर होतो. सरांनी तोडून घेतला."

"आन् फोनवर पाणी कुठं घालत होतात तुम्ही?"

"तुला तिकडं बाळंतिणीजवळ टेन्शन नको म्हणून बोललो न्हाई."

संध्याकाळी सर स्वतः आले. हात जोडून उभे राहिले. "ताई, नाग होता. एवढा. वर हॉस्टेलची पोरं आहेत, दुसऱ्यांची लेकरं. मला राहवलं नाही. तुम्ही असता तर तुम्हीपण हेच केलं असतं." मी काय बोलणार? दुसऱ्यांच्या लेकरांपुढं वेलाचं काय घेऊन बसायचं? माझ्याकडं येणाऱ्या बायाही तेच म्हणाल्या. "बरं झालं बाई वेळेवर दिसला." मी मान हलवत राहिले आणि मशीनवर बारदाना बांधून काम करत राहिले.

पंधरा दिवसांनी सरांच्या कंपाउंडात, आमच्या भिंतीला लागून, लोखंडी अँगलचा एक सांगाडा उभा राहिला. त्यावर फ्लेक्स चढला. वर सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, खाली तीन रांगांत पास झालेल्या पोरांचे चेहरे आणि त्यांचे मार्क. तो बायपासवरनं दिसायचा. मधुमालती असती तर निम्मा झाकला असता.

कोपऱ्यावर एक भाजीवाली मावशी सकाळी बसते. तिला मी मेथी घेताना विचारलं, "मावशी, आमच्या वेलात साप निघाला तवा तू होतीस का?"

"साप?" ती पेंढी झटकत म्हणाली. "कुठला साप ओ ताई? फ्लेक्सवाला आला, टेप लावून माप घेऊन गेला. दुसऱ्या दिशी कुऱ्हाडवाला आला. आन् सर स्वतः ड्रिल घेऊन भोकं पाडत होते, त्यात बाटलीतलं कायतरी ओतलं. गवत मारायचं औषध असंल."

मी मेथी घेऊन घरी आले आणि निवडायला बसले. वेल तोडला हे एक झालं. पण भोकं पाडून औषध ओतलं, म्हणजे त्यातून पुन्हा फुटवा येऊ नये एवढा विचार करून केलेलं काम. आणि वर हात जोडून मला ताई म्हणायचं. मी भांडायला गेले नाही. भांडले तर सर पुन्हा हात जोडतील, बाया मलाच समजावतील, हे मला दिसत होतं. मला त्यांना बोलायचं नव्हतं. मला त्यांना भोगताना बघायचं होतं.

मे महिन्यात मी भावाला फोन केला.

"आपल्या बांधावर अजून खाजकुइली येती का रं?"

"येती की. गडी हात लावत न्हाईत तिथं. तुला काय करायची?"

"बी पायजे. औषधाला."

खाजकुइली ज्यानं बघितली नाही त्याला एवढंच सांगते. दिसायला तो शेंगांचा साधा वेल. शेंगांवर मखमलीसारखी सोनेरी लव असते. ती लव अंगाला लागली की माणूस स्वतःचं कातडं सोलून काढायला बघतो. आमच्या शाळेत एका मुलीच्या पाठीत कुणीतरी एक शेंग टाकली होती. ती मैदानात गाढवासारखी लोळली होती आणि आठ दिवस शाळेत आली नव्हती. तेव्हा मी रडले होते तिच्यासाठी. आता तीच शेंग मला हवी होती.

बी भावानं पुडीत बांधून आमच्या मालकांच्या हातात दिलं. त्यांची ड्युटी तेव्हा त्या रूटवर होती. त्यांनी ती पुडी तिकिटाच्या पेटीत ठेवून आणली आणि "हे घे तुझं औषध" म्हणून मला दिली. पुडीत नऊ बिया होत्या, काळसर, चकचकीत, पावट्यापेक्षा मोठ्या.

कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्या. मृग लागून जमीन ओली झाली तेव्हा जुन्या खोडापासून हातभर लांब, भिंतीला चिकटून, चार खड्डे केले. कुजलेलं शेणखत आणि थोडी राख घातली. सहा उगवल्या. त्यातल्या जोमदार तीन ठेवल्या, बाकीच्या उपटल्या. मी आयुष्यात कुठल्या रोपाला एवढं जपलं नाही. गोगलगायी येऊ नयेत म्हणून सकाळी उठून भोवती राख टाकायची. पानं तीन-तीनच्या झुबक्यानं यायला लागली तशी भिंतीवरून सुतळी टाकली आणि तिचं दुसरं टोक दगडाला बांधून सरांच्या सांगाड्यावर फेकलं. तिसऱ्या फेकीत ते अँगलमध्ये अडकलं. खाजकुइली उजवीकडनं वेढे घेत वर चढते. ज्या दिवशी तिचा शेंडा लोखंडाला लागला त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला. मालकांनी विचारलं, "आज काय?" मी म्हणाले, "काही न्हाई. वाटलं."

सप्टेंबरच्या शेवटी फुलं आली. तशी फुलं मी दुसऱ्या कुठल्या वेलाला बघितली नाहीत. गडद जांभळे घोस, द्राक्षासारखे खाली लोंबणारे. फ्लेक्सच्या दोन्ही बाजूंनी वेल चढला होता आणि पोरांच्या फोटोंभोवती जांभळी झालर लागल्यासारखी दिसत होती. सर खाली उभं राहून मोबाईलवर फोटो काढत होते.

"ताई, राग गेला म्हणायचा तुमचा," ते हसून म्हणाले. "आमच्या बोर्डाला शोभा आणली की तुम्ही. कोणता वेल हा?"

"रानघेवडा हाय, सर."

"असू द्या, असू द्या. चांगला दिसतो."

फक्त भाजीवाल्या मावशीनं ओळखलं. ती एका सकाळी वर बघत उभी राहिली. मग माझ्याकडं बघितलं.

"ताई, हे..."

"हाव," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं आपली पाटी कोपऱ्यावरून उचलून रस्त्याच्या पलीकडं मांडली.

दिवाळीला मुलगी पोरं घेऊन येणार होती. बाळाला मी मार्चनंतर दोनदाच बघितलं होतं. पण शेंगा धरल्या होत्या आणि वारं सुटलं की लव उडायची शक्यता होती. मी कपडे वाळत घालायची तार कधीच मागच्या बाजूला हलवली होती. मशीनला व्हरांड्यातून आत घेतलं होतं. मुलीला फोन करून मी म्हणाले, "आत्ता येऊ नको. पाण्याची लई बोंब हाय." ती हिरमुसली. मला त्याचं वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला पाहिजे तेवढं वाटलं नाही. माझं सगळं लक्ष शेंगा पिकण्याकडं होतं. रोज खिडकीतून बघायची, हिरवी लव कधी पिवळी होते, पिवळी कधी तांबूस होते.

डिसेंबरात त्या पिकल्या. पानं गळाली आणि सांगाड्यावर नुसत्या वाकड्या, तपकिरी शेंगा लोंबायला लागल्या. तेव्हाच सरांचा नवीन फ्लेक्स आला, जानेवारीच्या बॅचचा.

सकाळचे दहा वाजले असतील. मी आत मशीनवर बाही जोडत होते. बाहेर शिडी लावल्याचा आवाज आला म्हणून खिडकीत गेले. फ्लेक्स लावणारा माणूस आला होता, चाळिशीचा, बारीक अंगाचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला. सर खाली उभे होते आणि वर हॉस्टेलच्या गॅलरीत पोरं दात घासत उभी होती.

"आधी तो वाळलेला वेल ओढून काढ," सर त्याला म्हणाले. "मग जुना फ्लेक्स सोड."

त्या माणसानं एक पाय शिडीवर ठेवला.

खरं सांगते, सहा महिने मी पाणी घातलं, राख घातली, सुतळ्या बांधल्या, पण वर कोण चढणार याचा विचार मी एकदाही केला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं कायम सरच होते. सर कधी शिडीवर चढतात का? मी क्षणभर खिडकीचा गज धरून उभी राहिले. माझ्या मनात आलं, चढू दे, बोर्ड तर सरांचाच आहे. हे मनात आलं ते मी लपवत नाही. मग मी चप्पल न घालताच बाहेर धावले.

"दादा, खाली उतरा! हात लावू नका. खाजकुइली हाय ती."

त्यानं वर बघितलं आणि शिडीवरून पाय काढला तो चटका बसल्यासारखा. "आयला, खरंच की. सर, मी न्हाई चढत."

"काय खाजकुइली?" सर म्हणाले. "रानघेवडा आहे तो. ह्यांनीच सांगितलंय मला."

"खोटं सांगितलं होतं," मी म्हणाले.

गॅलरीतली पोरं हसली. सरांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडं बघून बोलले, पण आवाज पोरांना ऐकू जाईल एवढा ठेवला.

"ताई, मला कळतंय सगळं. तुमचा तो वेल गेला ते तुम्हाला अजून सहन होत नाही. आता बोर्ड लागू नये म्हणून हे नवीन नाटक. काहीतरी अंगावर यायची भीती घालायची म्हणजे माणसं मागं सरतात, असं ना?"

स्वतः ज्या नागाची भीती घातली होती तो नाग तेव्हा त्यांच्या डोक्यात असणार, असं मला वाटतं. खोटं बोलून काम काढलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं ओळखू येत नाही. फ्लेक्सवाला पुन्हा म्हणाला, "सर, नका, खरंच हाय ती." सर म्हणाले, "शेंगेला घाबरतोस व्हय रे?" आणि भिंतीजवळ लोंबणारा जाड वेल दोन्ही हातांनी धरून त्यांनी जोरात खाली ओढला.

मी त्या मजुराला थांबवलं होतं. सरांना दुसऱ्यांदा थांबवलं नाही. ते ओढेपर्यंत वेळ होता. मी गप्प उभी राहिले.

अख्खा वेल कडाकडा मोडत खाली आला. शेंगा त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, शर्टाच्या आत पडल्या, आणि उन्हात सोनेरी धूळ उडाली. फ्लेक्सवाला शिडी टाकून रस्त्यापलीकडं पळाला. मी दहा पावलं मागं सरले. पहिलं अर्धं मिनिट सर नुसते उभे होते. मग त्यांनी मान खाजवली. मग दंड. मग दोन्ही हातांनी मान, छाती, पोट. बटणं तुटली, शर्ट निघाला. ते नळाकडं धावले, अंगावर पाणी घेतलं आणि लव आणखी पसरली. वरची पोरं आता हसत नव्हती, मोबाईल धरून उभी होती. पलीकडं भाजीवाली मावशी तोंडात पदर कोंबून बसली होती.

सरांची बायको धावत खाली आली. "ताई, काहीतरी सांगा ना!"

"शेण लावा," मी म्हणाले. "सगळ्या अंगाला. वाळू द्या, मग खरडून काढा. पाणी लावू नका."

कोपऱ्यावरच्या गोठ्यातून शेणाची पाटी आली. फिजिक्सचे सर क्लासच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, चड्डी-बनियनवर, गळ्यापासून घोट्यापर्यंत शेण लावून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माझ्या फाटकात उभी राहून बघत होते. मला बघायचंच होतं. एवढ्या महिन्यांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

तेव्हाच सरांनी माझ्याकडं बघितलं आणि ते ओरडले, "माझ्यावर काय सूड काढता? तुमच्याच मालकाला विचारून तोडला मी! ते म्हणाले, ती नांदेडला आहे तोवर उरकून घ्या. सापाचं सांगा म्हणाले, मग ती काही बोलायची न्हाई!"

बायकोनं त्यांच्या तोंडावर हात धरला. मी फाटक लावून घरात आले आणि पलंगावर बसले. बाही अर्धी जोडलेली तशीच राहिली.

मालक संध्याकाळी ड्युटीवरून आले. तोपर्यंत पोरांनी काढलेला व्हिडिओ डेपोत पोचला होता. त्यांनी तो पूर्ण ऐकला होता. पाणी प्यायले, खाली मान घालून बसले. मी विचारलं, "खरं हाय का?" ते म्हणाले, "हाव." मी पुढं काही विचारलं नाही. ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातापायांना बारदाना गुंडाळून खाली पडलेला वेल गोळा केला आणि मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून पुरला. त्यांच्या मनगटांना खाज सुटलीच. मी शेण आणून दिलं नाही. स्वतः जाऊन आणलं त्यांनी.

बोलणं मी बंद केलं नव्हतं. चहा, डबा, ड्युटीची वेळ, सगळं बोलत होते. मला त्यांना घरात, दोघांतच माफी मागून सुटू द्यायचं नव्हतं. आठवड्याभरात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या होती. येळवसेला आम्ही दरवर्षी माझ्या माहेरच्या रानात जातो. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, आंबील, सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. जावई म्हणून यांचा तिथं मोठा मान. भाऊ यांच्याशिवाय पंगत बसवत नाही.

पंगत बसली. भाऊ, भावजय, माझे म्हातारे चुलते, शेजारच्या शेतातली दोन घरं. भावानं दरवर्षीप्रमाणं विचारलं, "आईचा वेल काय म्हणतो?"

मी त्याला आजवर काही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "ह्यांना विचार."

मालकांचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर काढली नाही.

"तोडला," ते म्हणाले.

"कुणी?"

"शेजारच्या सरानं. मी तोडू दिला. मीच सांगितलं, ही नसताना तोडा म्हणून."

भावजयीच्या हातातली आंबिलीची कळशी तशीच राहिली. चुलते ऐकायला कमी येतं म्हणून पुढं झुकले. "का ओ जावईबापू?"

"सरांना न्हाई म्हणता आलं न्हाई मला."

"बरं. मंग हिला तरी सांगायचं."

भावानं उठून सगळ्यांना भज्जी वाढली, यांनाही वाढली. पण दरवर्षी जो आग्रह असतो, "दाजी, अजून एक, आमच्या गळ्याची शपथ," तो त्या दिवशी झाला नाही. निघताना टॉवेल-टोपी झाली, ती चुलत्यांनी दिली. भाऊ तेव्हा बैलं सोडायला गेला होता.

परतीच्या बसमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

"पोटभर झालं का तुझं?" ते म्हणाले.

"न्हाई."

"माझ्याच्यानं कुणाला न्हाई म्हणवत न्हाई. तुला म्हाईत हाय. सर रोज येऊन बसायचे, चहा प्यायचे, म्हणायचे. काय करणार?"

"मला 'न्हाई' म्हणता येतं की तुम्हाला," मी म्हणाले. "माझ्या येळेला बरोबर म्हणवतं."

औशाच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरून दोन कप चहा घेऊन आले. माझा कप माझ्या हातात दिला आणि आपला हातातच धरून बसले. मी चहा घेतला. त्यांना बरं वाटलं असेल. चहा घेतला म्हणजे माफ केलं असं मला वाटत नव्हतं, आणि तसं मी त्यांना पुढं सांगितलंही.

गाडीचा कंडक्टर त्यांच्याच डेपोतला होता. तिकिटं फाडत मागं आला, यांच्या नव्या टोपीकडं बघून हसला आणि मला म्हणाला, "काय वहिनी, कशी झाली येळवस?"

"चांगली झाली," मी म्हणाले.